रोजच्या गाडीत रेसिंग सीट: कंबर शाबूत ठेवायची असेल तर

बकेट सीट म्हणजे शरीराला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी रेसिंग सीट. तिच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक जण म्हणतो, "अर्धा तास बसलो तरी पाठ धरते." दुसरा म्हणतो, "गोव्यापर्यंत गेलो, कंबर हूं की चूं करत नाही." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात, आणि कधीकधी दोघांच्या गाडीत एकाच कंपनीची एकाच मॉडेलची सीट असते. फरक पडतो तो बसणाऱ्याच्या मापानं, आणि त्याहून जास्त सीटखालच्या लोखंडानं.

कंपनीची मूळ सीट उंच-बुटक्या, बारीक-जाड अशा सगळ्यांना बरी वाटावी म्हणून बनवलेली असते. ती मागेपुढे सरकते, वरखाली होते, पाठ कलते. आत तारांची लवचीक जाळी असते, तिच्यावर जाड फोम. फिक्स्ड बॅक, म्हणजे पाठ न कलणाऱ्या बकेटमध्ये यातलं जवळजवळ काहीच नसतं. फायबरचा शेल, म्हणजे कडक कवच, त्यावर दोन-तीन बोटं जाड गादी, आणि ज्या कोनात बसवली तो कोन कायमचा. म्हणून या सीटमध्ये आराम हवा असेल तर तो सीट घेण्याआधी टेपनं मोजावा लागतो आणि नंतर लोखंडकाम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडं उभं राहून करून घ्यावा लागतो. पोलो, स्विफ्ट, आय-ट्वेंटी अशा रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि अधूनमधून ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानातली वेळेची शर्यत) किंवा ट्रॅक डेला (शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचा दिवस) उतरणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

१. आधी प्रकार ठरवा

'रेसिंग सीट' या एका नावाखाली बाजारात बऱ्याच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, पाठ कलणारी स्पोर्ट्स सीट. रेकारोची स्पोर्टस्टर सीएस किंवा स्पार्कोची आर१०० ही यातली ओळखीची नावं. बाजूचे उंचवटे चांगले असतात, पण पाठ मागे करता येते. गाडी रोज वापरत असाल, घरातलं आणखी कुणी चालवत असेल, तर बहुतेकांना मी हीच घ्यायला सांगतो. यात वजन फारसं वाचत नाही, ते मान्य. पण रोज चांदणी चौकात क्लच दाबत बसणाऱ्याला आठ-दहा किलो वाचवून नक्की काय मिळणार आहे?

दुसरी, फिक्स्ड बॅक बकेट. यात स्टीलच्या पाइपचा सांगाडा असलेल्या स्पार्को स्प्रिंटसारख्या सीट आल्या, आणि फायबर किंवा कार्बनचा एकसंध शेल असलेल्या रेकारो पोल पोझिशन, स्पार्को इव्हो, ब्रिड झीटासारख्याही आल्या. माप जुळलं तर या सीट लांबच्या प्रवासात खरंच छान वागतात, कारण पाठीचा भार एका जागी न येता पसरतो. माप चुकलं तर मात्र गादी बदलूनही भागत नाही. शेलमध्ये फायबर किंचित लवतं, कार्बन जवळजवळ लवत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर हा फरक माकडहाडाला समजतो. कार्बनचे जास्तीचे पैसे रोजच्या गाडीत मी तरी घालणार नाही.

तिसरी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कान असलेली सीट. ती रस्त्यावर नकोच. डोकं वळवून मागची रिक्षा बघायला जावं तर दिसतो तो सीटचा कान.

आणि चौथी म्हणजे नक्कल. शिवण, लोगो सगळं हुबेहूब, किंमत मात्र खऱ्याच्या पाव. वरून फोम मऊ असतो, म्हणून दुकानात बसल्यावर उलट तीच जास्त आरामशीर वाटते. काही महिन्यांत तो फोम बसतो आणि खालच्या शेलची कड मांडीला लागायला लागते. धडकेत शेलचं काय होईल हा प्रश्न वेगळाच. दुकानातल्या पहिल्या पाच मिनिटांच्या मऊपणावर कधीच निर्णय घेऊ नका.

जुनी सीट घेणं वाईट नाही. एफआयए या जागतिक मोटारस्पर्धा संघटनेच्या ८८५५-१९९९ मानकाची सीट बनल्यापासून ५ वर्षांनी स्पर्धेत चालेनाशी होते (उत्पादकानं तपासून दिली तर आणखी २ वर्षं), त्यामुळं रेस टीम अशा सीट स्वस्तात काढतात. घेताना कव्हर उचलून बोल्टच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा आहेत का ते टॉर्च लावून पाहा. असतील तर फुकट दिली तरी घेऊ नका.

२. स्वतःचं माप घ्या

एक लाकडी स्टूल भिंतीला चिकटवून ठेवा. रोज गाडी चालवताना घालता तीच पँट घाला, खिशातलं पाकीट काढा आणि पाठ भिंतीला टेकवून ताठ बसा. मोजायला दुसरं कुणीतरी लागेल.

नितंबांच्या सर्वांत रुंद भागाला दोन्ही बाजूंनी दोन जाड पुस्तकं हलकेच टेकवा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. हे सगळ्यात महत्त्वाचं माप. सीटच्या आतली रुंदी, म्हणजे गादीच्या फोमसकट राहिलेली मोकळी जागा, यापेक्षा एकूण दोन-तीन सेंटिमीटर जास्त हवी. अगदी बरोबर मापाची सीट पहिल्या दिवशी झकास वाटते, पण जेवून गाडीत बसलात की अंदाज येतो. मग खांद्यांची रुंदी, स्टुलापासून खांद्यापर्यंतची उंची, आणि भिंतीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मांडीची लांबी मोजा. मांडीची लांबी लोक विसरतात. बुटक्या माणसाला सीटची बैठक लांब झाली की तो पुढं सरकून बसतो, कंबरेमागं पोकळी राहते, आणि दोष मात्र 'लंबर सपोर्ट'ला, म्हणजे सीटच्या कंबरेच्या आधाराला जातो.

कंपन्या एकाच मॉडेलचे दोन-तीन आकार काढतात. स्पार्को इव्होचे मोठे आकार मिळतात, रेकारोच्या एसपीजीचाही एक्सएल येतो. कंबरेच्या पँट-साइझवरून आकार ठरवू नका. पोट मोठं आणि नितंब अरुंद अशी आपल्याकडची बरीच पुरुषमंडळी त्या हिशेबानं नको तितकी मोठी सीट घेतात आणि ताम्हिणीच्या वळणांवर सीटमध्ये खुळखुळत बसतात.

३. गाडीचं माप घ्या

दार बंद करून मोजा. उघड्या दारानं घेतलेल्या मापात दाराचा आर्मरेस्ट येत नाही, आणि खांद्याशी रुंद असलेली बकेट नेमकी तिथंच अडते. मधल्या टनेलपासून, म्हणजे दोन सीटमधल्या जमिनीच्या उंचवट्यापासून दारापर्यंतचं अंतर तीन उंचींवर घ्या: जमिनीशी, नितंबांशी आणि खांद्याशी. मूळ सीटवर बसून डोक्यापासून छतापर्यंत किती जागा आहे तेही लिहून ठेवा.

स्टीअरिंगचा मध्य जमिनीपर्यंत ओळंब्यानं उतरवा आणि मास्किंग टेपची पट्टी चिकटवा. नवी सीट या रेषेवर यायला हवी. दोन सेंटिमीटर बाजूला गेली तरी पाठीचा कणा रोज थोडासा पिळलेला राहतो. लोक त्यावर महिनोन्‌महिने फोमचे उपाय करत बसतात.

४. एअरबॅग, पट्टा आणि कायदा

हा भाग आरामाचा नाही, पण टाळता येत नाही.

सीटच्या दाराकडच्या कडेला 'एअरबॅग' असं लेबल किंवा टॅग असेल तर तुमच्या गाडीत साइड एअरबॅग सीटच्या आत आहे. आता सहा एअरबॅगच्या गाड्या सर्रास झाल्या आहेत, त्यांत बहुधा तसंच असतं. सीट काढली की ती एअरबॅगही गेली. डॅशबोर्डवरचा दिवा विझवायला रेझिस्टर लावून देणारे पुष्कळ भेटतील. त्यानं दिवा विझतो, पण एअरबॅग काही परत येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सीटमध्ये एअरबॅग असलेल्या रोजच्या गाडीत बकेट बसवू नका. मूळ सीटच्याच गादीवर चांगल्या कुशनवाल्याकडून काम करून घ्या, आणि तेही दाराकडच्या कडेची शिवण अजिबात न छेडता, कारण एअरबॅग तीच शिवण फाडून बाहेर येते.

बहुतेक गाड्यांत पट्ट्याचं बकल सीटलाच जोडलेलं असतं. सीट गेली की बकलला जागा राहत नाही. नव्या ब्रॅकेटवर, म्हणजे सीट जमिनीला जोडणाऱ्या लोखंडी आधारावर ती करून घ्यावी लागते, आणि तिथं मूळचाच बोल्ट वापरायचा. पट्ट्याच्या बोल्टची जाडी आणि आटे वेगळे असतात, डब्यातला जवळपासच्या मापाचा बोल्ट ठोकून बसवायचा नाही. बकल बकेटच्या उंच कडेवर टेकलेलं राहू नये. कंबरेचा पट्टा ओटीपोटाच्या खाली, कटीच्या हाडांवर घट्ट बसायला हवा. बकेटची कड पट्टा वर उचलून धरत असेल तर धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो. अशी सीट तुमच्या गाडीत बसतच नाही असं समजा.

चार बिंदूंचा हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा पट्टा) रोल केज (छताला आतून धरणारा पाइपचा पिंजरा) नसलेल्या गाडीत रस्त्यावर वापरू नका. गाडी उलटली आणि छत खाली आलं तर तीन बिंदूंच्या पट्ट्यात शरीर थोडं बाजूला झुकू शकतं. हार्नेसमध्ये ते ताठच राहतं.

कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि कलम १८२ए(४) खाली नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते, म्हणून 'स्ट्रिप' करायच्या, म्हणजे गाडी आतून रिकामी करून हलकी करायच्या नादात मागची सीट उचकटू नका. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. परदेशात असाल तर तिथले नियम आधी पाहा: जर्मनीत सीट आणि कन्सोल (सीटखालचा ब्रॅकेट) या जोडीची मान्यतेची कागदपत्रं लागतात, ब्रिटनमध्ये एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल तर गाडी एमओटी या वार्षिक तपासणीत नापास होते.

५. बसवण्याआधी घरात बसून पाहा

सीट घरी आली की लगेच गाडीत बसवायची घाई होते. थोडा दम धरा. हॉलमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर किंवा विटांवर ती ठेवा. पुढच्या विटांखाली पुस्तकं सरकवून कोन बदलत राहा. समोर पाय टेकायला एक ठोकळा ठेवा, आणि क्रिकेटचा अर्धा डाव तिथं बसून पाहा. घरचे हसतील, हसू द्या.

पहिली दहा मिनिटं काहीच सांगत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासानंतर शरीर आपोआप कुठं सरकायला लागतं ते लक्षात घ्या. पुढं घसरायला होत असेल तर पुढची कड वर हवी. मांडीला मुंग्या येत असतील तर ती खाली हवी, किंवा बैठक तुम्हाला लांब होतेय. डावा पाय क्लच दाबल्यासारखा सतत हलवून पाहा. मांडीच्या बाजूचा उंचवटा डाव्या मांडीत रुतत असेल तर ती सीट सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तुम्हाला रडवणार. ऑटोमॅटिकवाल्यांची यातून सुटका.

जो कोन सगळ्यात बरा वाटला त्याचा फोटो बाजूनं काढा आणि मोबाइलमधल्या लेव्हल ॲपनं बैठकीचा आणि पाठीचा कोन मोजून लिहून ठेवा. हा कागद फॅब्रिकेटरकडं न्यायचा आहे.

६. ब्रॅकेट: खरी लढाई इथं

तुमच्या गाडीसाठी तयार सबफ्रेम (त्या गाडीच्या मापाचा आयता ब्रॅकेट) मिळत असेल तर आधी ती पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना ती मिळत नाही आणि मग भोसरी, चाकण, अंबड असल्या औद्योगिक भागातला चांगला फॅब्रिकेटर गाठावा लागतो. कार ॲक्सेसरीजच्या दुकानापेक्षा हा माणूस बरा. तो मोजून काम करतो.

मूळ सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि काही मिनिटं थांबा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग किंवा प्रीटेन्शनरचे (धडकेत पट्टा ताणणाऱ्या यंत्रणेचे) असतात. ते चालू बॅटरीवर काढायचे नाहीत आणि मल्टिमीटर लावून तपासायचे तर मुळीच नाहीत.

जमिनीतली चार भोकं बहुतेक गाड्यांत एका पातळीत नसतात. पुढची दोन वर, मागची खाली, कधी टनेलकडची आणि दाराकडचीही वेगळी. ब्रॅकेटचं पहिलं काम हा उंचसखलपणा मारणं. ते नीट झालं नाही आणि सीट बोल्टच्या जोरावर ओढून बसवली तर शेल कायमचा पिळलेला राहतो. बसणाऱ्याला ते कळत नाही, फक्त एका बाजूची कंबर दुखत राहते.

जाडीवर तडजोड नको. फॅब्रिकेटर हमखास म्हणणार, "दादा, दोन एमएमची पट्टी मारू की, ट्रकची सीट हाय का ही?" एफआयएच्या स्पर्धा-नियमांत सीटच्या आधाराचं स्टील कमीत कमी ३ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियम असेल तर ५ मिलिमीटर सांगितलं आहे, बोल्ट ८ मिलिमीटरचे. रस्त्यावरच्या गाडीला तेच धरून चाला. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असावं. जमिनीच्या पातळ पत्र्याला नवी भोकं पाडू देऊ नका, मूळची चार भोकं आणि मूळचे बोल्टच वापरायचे.

आता कोन. बाजूनं बोल्ट लागणाऱ्या अनेक बकेटच्या पुढच्या-मागच्या भोकांत साधारण २९० मिलिमीटर अंतर असतं. याचा अर्थ पुढची बाजू फक्त १० मिलिमीटर उचलली की अख्खी सीट जवळपास २ अंश मागे कलते, आणि खांदे सुमारे दोन सेंटिमीटर मागे जातात. बोटाच्या नखाएवढ्या फरकानं स्टीअरिंग हाताच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतं. म्हणून बाजूच्या पट्ट्यांवर एकच भोक न पाडता वरखाली तीन-चार भोकांची रांग पाडून घ्या, पुढंही आणि मागंही. पुढं अर्ध्या सेंटिमीटरनं सीट वरखाली करायची मुभा राहिली की अर्धा त्रास संपला. अधलंमधलं अंतर भरायला जाड नळीचा एकसंध स्पेसर वापरा. वॉशरवर वॉशर रचून केलेली चळत सैल होते.

वेल्डिंग गाडीबाहेर करायचं, आणि आधी नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके मारायचे. टॅक मारलेला ब्रॅकेट गाडीत बोल्टनं बसवा, सीट ठेवा, तुम्ही बसा, दार लावा. मग हे तपासा:

- खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ केला की मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. बोटं टेकत असतील तर लांब, कोपर दुमडत असेल तर जवळ.
- क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेलाच राहायला हवा. ताठ झाला तर सीट लांब आहे, मग पुढच्या आठवड्यात कंबर बोलणार.
- स्टीअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, एअरबॅगसाठी.
- तीनही आरसे, बॉनेटची कड आणि डावीकडून घुसणारी स्कूटर दिसायला हवी. सीट जमिनीला चिकटवायची हौस इथंच भागते किंवा मोडते.
- पट्टा लावून, ओढून पाहा.

यातलं काही जमत नसेल तर टॅक तोडून पुन्हा. फॅब्रिकेटर वैतागेल, त्याला चहा पाजा. पूर्ण वेल्ड झाल्यावर हे काम दुप्पट महाग पडतं. सगळं पटलं की पक्कं वेल्ड, मग प्रायमर आणि रंग. कोकणात राहत असाल तर रंगाचे दोन हात जास्त.

सरकणाऱ्या रेल लावायच्या तर दोन्ही बाजूंनी लॉक होणाऱ्याच घ्या. एका बाजूच्या लॉकवर ब्रेक मारताना सीट किंचित तिरकी होते. रेलमुळं सीट काही सेंटिमीटर वर येते, हे डोक्यावरच्या जागेच्या हिशेबात आधीच धरा. गाडी फक्त तुम्हीच चालवत असाल तर रेल टाळून सीट कायमची बसवणं मला जास्त पटतं: खाली बसता येतं, खडखड नाही.

७. कुठं दुखतंय त्यावरून निदान

सीट बसली, आता मुंबईला जाऊन यायचं. एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात काही जाणवणार नाही. परतताना खोपोलीच्या पुढं घाट चढून लोणावळा आलं की शरीर हिशेब मांडतं.

कंबरेच्या वर, पँटचा पट्टा बांधतो तिथं दुखतंय: तिथं पोकळी आहे. बसल्या जागी कंबरेमागं हाताचा पंजा घालून पाहा. सहज आरपार जात असेल तर भर हवी, अजिबात जात नसेल तर भर जास्त झालीय.

माकडहाड दुखतंय: बैठक फार सपाट आहे आणि तुम्ही नकळत घसरून हाडावर बसताय. फोम घालण्याआधी पुढची बाजू एक भोक वर घ्या. बहुतेकदा तेवढ्यानंच काम होतं.

मान दुखतेय: सीट जास्त मागे कलली आहे. रस्ता बघायला डोकं पुढं काढावं लागतं आणि मानेचे स्नायू दिवसभर ते वजन धरून बसतात. फोटोत रुबाबदार दिसणारा झोपलेला कोन हेल्मेट घालून वीस मिनिटं चालवणाऱ्यासाठी असतो.

दोन खांद्यांच्या मध्ये दुखतंय: एकतर स्टीअरिंग लांब आहे, नाहीतर सीटचे खांद्याकडचे पंख तुमच्यासाठी अरुंद असल्यानं खांदे पुढं ढकलले जाताहेत. दुसरं कारण असेल तर फोमनं सुटणार नाही, आकार मोठा घ्यावा लागेल.

मांडीच्या मागं किंवा पोटरीत मुंग्या: गुडघ्याच्या खोबणीपाशी कड दाबतेय. सीटची कड आणि खोबणी यांत दोन-तीन बोटांची जागा हवी. मागच्या खिशात पाकीट ठेवायची सवय असेल तर आधी ती सोडा. बकेटमध्ये ते सरळ शिरेवर बसतं. पायात खाली उतरणारी कळ असेल तर सीटशी खेळत बसू नका, डॉक्टरांकडं जा.

सगळीकडंच थकवा, नेमकं कुठं ते सांगता येत नाही: हे कंपन. बसलेल्या माणसाचा कणा उभ्या दिशेच्या साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या थरथरीला सर्वांत नाजूक असतो. मूळ सीटची जाळी आणि जाड फोम रस्त्याचे बरेच धक्के खातात, बकेट ते जवळजवळ जसेच्या तसे तुमच्यापर्यंत पोचवते. त्यात गाडी कडक स्प्रिंगवर खाली बसवलेली असेल तर दोन्हीकडून मार. टायरमधली हवा आधी कंपनीच्या आकड्यावर आणा, डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) तपासा. सीटच्या बोल्टखाली रबराच्या चकत्या घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यानं पकड सैल होते.

८. फोम

कोन जुळल्यावरच फोमला हात लावायचा. आधी फोम आणि मग कोन असं केलं तर दोन्ही परत करावं लागतं.

बऱ्याच बकेटमध्ये गाद्या वेल्क्रोनं चिकटवलेल्या, सुट्या निघणाऱ्या असतात. काही कंपन्या कंबरेची वेगळी उशी देतात. तुमच्या सीटची येत नसेल तर कुशनवाल्याकडून बनवून घ्या, पण त्याला नुसतं "मऊ कर" म्हणू नका. मऊ फोम तासाभरात दबतो आणि हाड पुन्हा शेलवर येतं. बैठकीला खाली दहा मिलिमीटर रिबॉन्डेड (तुकडे दाबून बनवलेला फोम) किंवा ईव्हीए (रबरासारखं घट्ट शीट), त्यावर पंधरा-वीस मिलिमीटर चांगल्या प्रतीचा ४० डेन्सिटीचा फोम, असा थर माझ्या अनुभवात सर्वांत टिकाऊ ठरतो. दुकानदार डेन्सिटी म्हणजेच कडकपणा असं भासवतो, तसं नसतं. एकाच डेन्सिटीचे दोन फोम वेगवेगळे कडक असू शकतात. अंगठ्यानं दाबून, सोडून, परत येतो किती लवकर ते बघूनच घ्या.

मेमरी फोम दुकानात भुरळ पाडतो. तो थंडीत कडक आणि उष्णतेत मऊ होतो. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याची अवस्था काय होईल ते तुम्हीच ताडा.

जाडीला मर्यादा आहे. एफआयएच्या नियमांत सीट आणि माणूस यांच्यामधली उशी जास्तीत जास्त ५० मिलिमीटर चालते, आणि ते रस्त्यावरही लागू धरावं. धडकेत जाड फोम दबतो, तेवढा पट्टा सैल पडतो आणि शरीर पट्ट्याखाली घसरायला वाव मिळतो. कंबरेची उशी पाठीच्या गादीच्या कव्हरखाली जाऊ द्या. वर बांधलेली उशी वळणावर सरकते.

कंबरेसाठी पक्की उशी शिवून घेण्याआधी जुन्या टॉवेलची घडी ठेवून आठवडाभर चालवा. घडी एकेक पदरानं कमी-जास्त करत जा. बरी वाटली ती जाडी कुशनवाल्याला दाखवा. यापेक्षा स्वस्त लंबर सपोर्ट नाही.

९. उन्हाळा आणि चढ-उतार

शेलला हवा लागत नाही, पाठीला घाम येतो. कापडाचं कव्हर घ्या, चामडं किंवा रेक्झिन नको. काळं वेलूर दिसायला देखणं, पण उन्हात तापतं आणि धूळ धरतं. जाळीदार सुती कव्हर टाकलं की निम्मा प्रश्न सुटतो.

बकेटमध्ये आधी बूड, मग पाय. स्टीअरिंग किंवा दाराच्या वरची कड धरून बाजूच्या उंचवट्यावर न बसता पलीकडं उतरायचं. उंचवट्यावर बसून घसरत आत जायची सवय असेल तर वर्षभरात तिथलं कापड फाटतं आणि फोम दबतो. स्टीअरिंग काढून ठेवायची सोय असलेलं हब एअरबॅगच्या गाडीत लावू नका. डावीकडची सीट शक्यतो मूळचीच राहू द्या. गुडघे दुखणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना बकेटमधून बाहेर काढताना पार्किंगमध्ये जे काही होतं ते घरात शांतता नांदण्याच्या दृष्टीनं बरं नसतं. दोन दारांची गाडी असेल तर आणखी एक: फिक्स्ड बॅक पुढं दुमडत नाही, मागं बसणाऱ्याला जागाच राहत नाही.

१०. बसवल्यानंतरचे काही आठवडे

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पान्यानं पुन्हा तपासा, नंतर दर सर्व्हिसला. प्रत्येक बोल्टवर मार्करनं डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत एक रेघ ओढून ठेवा. बोल्ट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते, पाना काढायलाही लागत नाही. सीट करकरत असेल तर आधी बोल्ट, मग रेल, आणि शेवटी शेलवर संशय घ्या.

नव्या फोमला आणि तुमच्या पाठीला एकमेकांची सवय व्हायला थोडे दिवस लागतात. पण सवयीनं जाणारं दुखणं दिवसागणिक कमी होतं. तिसऱ्या आठवड्यातही रोज त्याच जागी, तितकंच दुखत असेल तर ती सवय नव्हे. सहाव्या पायरीवर परत जा.

मूळ सीट भंगारात देऊ नका. नव्या सीटला न वापरलेले सुटे भाग, कनेक्टरची टोपणं सगळं एका पिशवीत घालून सीटच्याच पाठीला बांधा. वरून जुनी चादर टाकून माळ्यावर किंवा कोरड्या खोलीत उभी ठेवा. गाडी विकायची वेळ आली की घेणारा मूळ सीटच मागतो, आणि बकेट वेगळी विकली तर तिचे पैसे गाडीच्या किमतीत मिळाले असते त्यापेक्षा चांगले येतात.